पाचशे सत्त्याऐंशी चिंचोके

मी मूळचा कराडकडचा, ऊसवाल्या गावातला. आमच्याकडे माणूस भेटला की रामराम झाल्यावर दुसरा प्रश्न असतो, "यंदा किती टन?" आणि सांगणारा जे काही निघालं असेल त्यात दहा टन घालूनच सांगतो. ऐकणाराही ते दहा टन मनातल्या मनात वजा करून घेतो. दोघांना सगळं ठाऊक असतं, कुणी कुणाला खोटं म्हणत नाही. अशा गावात वाढून मी बँकेत शेती अधिकारी झालो आणि माझी बदली झाली कवठे महांकाळच्या पूर्वेकडच्या एका शाखेत. इथली माणसं आपल्या जित्राबाबद्दल नेमकी उलटी बोलतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ते न कळल्यामुळे मी मायाबाईंचं कर्ज नामंजूर केलं.

मायाबाई पहिल्यांदा शाखेत आल्या तेव्हा एप्रिल संपत आला होता. पस्तिशीच्या, उंच, पदर कमरेला खोचलेला. मी खुर्ची दाखवली तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, उभी बरी हाय." सरकीच्या पिशवीतून त्यांनी कागद काढले. आधार, सातबारा, सासऱ्यांचं संमतीपत्र, शेडचे फोटो, पिल्लांची पावती, प्रशिक्षणाचा दाखला. प्रत्येक झेरॉक्सवर आधीच सही केलेली. अकरा वर्षांच्या नोकरीत असा नीटनेटका अर्ज मी पाहिला नव्हता, आणि तरी मला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर हेच, की हिला कुणीतरी एजंटानं पढवून पाठवलेलं दिसतंय. माणूस नीट वागला की बँकवाल्याला संशय येतो. धंद्याचा दोष आहे, दुसरं काय.

त्यांना पढवलेलं कुणी नव्हतं. त्यांचं घर मेंढपाळांचं. दिवाळी झाली की नवरा आप्पासो मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरायचा, उसाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचा आणि पाऊस लागला की माघारी यायचा. लग्नानंतर सात वर्षं मायाबाईही त्यांच्यामागून चालल्या. सोनम झाली तीही असल्याच एका रानात, इस्लामपूरच्या पलीकडं. सोनमला सहावं लागलं तशा त्या नवऱ्याला म्हणाल्या, "मी आता फिरणार न्हाई. पोरगी शाळंत जाणार." आप्पासोनं दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी तो मेंढरं घेऊन एकटा निघाला आणि त्या सासूपाशी, बनाबाईपाशी, घरी राहिल्या.

घरी राहायचं म्हणजे हातावर हात ठेवून बसायचं नव्हतं. बारा कोंबड्यांपासून सुरुवात झाली. मग बचत गटाच्या कर्जातून आणि सहा शेळ्या विकून चाळीस बाय वीसचं शेड उभं राहिलं, वर पत्रा, बाजूनं जाळी. सुधारित गावरान जातीची पिल्लं आणायची, तीन महिने सांभाळायची आणि विकायची. शेडपर्यंत सगळं जमलं. अडलं ते खाद्यावर. कोंबडी खाते रोज आणि पैसे देते एकदाच, शेवटी.

तालुक्याला खाद्याचा एक व्यापारी होता, आकारामशेठ. तो पोती उधार द्यायचा. अट एकच होती, कोंबड्या त्यालाच द्यायच्या, तो म्हणेल तेव्हा आणि तो म्हणेल त्या दरानं. पहिल्या वेळी त्यानं नवव्या आठवड्यातच गाडी पाठवली, अर्धवट वजनाचे पक्षी उचलून नेले. दुसऱ्या वेळीही तेच केलं. तिसऱ्या वेळी गाडी यायच्या आत मायाबाई आमच्या बँकेत आल्या.

"राबणार आमी आन् कोंबड्या त्येच्या," त्या मला म्हणाल्या. "ह्या बारीला खाद्य माजं पायजे. आखाडात इकायच्यात मला."

आखाडाचं त्यांचं बरोबर होतं. श्रावण लागला की निम्मा गाव माळकरी होतो, म्हणून आषाढातच सगळ्यांना गावरान कोंबडी आठवते. त्या महिन्यात जो दर मिळतो तो वर्षात पुन्हा मिळत नाही. त्यासाठी पक्षी जगवायचे आणखी चार आठवडे, आणि त्या चार आठवड्यांत ते सगळ्यात जास्त खाणार, रोज एक पोतं.

पशुपालनाचं किसान कार्ड त्यासाठीच असतं. त्यावर शेड बांधायला पैसे मिळत नाहीत, खाद्य, औषध, वीज असल्या चालू खर्चाला मिळतात. ठरावीक रकमेपर्यंत जमीनही बांधून द्यावी लागत नाही. पक्षी हेच तारण. एका पक्ष्यामागं इतके रुपये, गुणिले पक्षी किती. म्हणजे सगळं येऊन थांबतं एका आकड्यावर, आणि तो आकडा डोळ्यांनी पाहून लिहायचं काम माझं.

मी पाहायला गेलो ते जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी एक वाजता. म्हणजे अर्ज दीड महिना माझ्या टेबलावर पडून होता, हेही कबूल करतो. पाऊस लांबलेला, ऊन नुसतं भाजून काढत होतं. मायाबाई लस आणायला तालुक्याला गेल्या होत्या. अंगणात कडुलिंबाखाली बनाबाई लोकर पिंजत बसल्या होत्या. सत्तरीची म्हातारी, कपाळावर रुपयाएवढं गोंदण. शेडला ऊन लागू नये म्हणून चारी बाजूंनी ओल्या पोत्यांचे पडदे सोडले होते.

मी मोटारसायकलवरूनच विचारलं, "आजी, कोंबड्या किती आहेत?"

"हायत घरापुरत्या."

"घरापुरत्या म्हणजे किती?"

म्हातारीनं माझ्याकडं नीट पाहिलं. "आसतील पन्नास-साठ."

"आत बघू का?"

"आत कुणी जायचं न्हाई. रोग येतो बाहीरनं. सूनबाईचा हुकूम हाय."

मी गाडीवरून उतरलोसुद्धा नाही. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. अर्जात सहाशे आणि घरचं माणूस सांगतंय पन्नास-साठ, म्हणजे आमच्या कराडच्या हिशेबानं खरे असतील चाळीस. मनात म्हटलं, बघ, कागद फारच नीट होते तेव्हाच मला कळलं होतं. शाखेत येऊन मी शेरा मारला, 'प्रत्यक्ष पाहणीत पक्षिसंख्या अर्जाशी जुळत नाही. नामंजूर.' आणि गार पाणी प्यालो.

तीन दिवसांनी मायाबाई आल्या. हातात बँकेचं पत्र होतं. रडारड नाही, आरडाओरड नाही. नेहमीसारख्या उभ्या राहून त्यांनी विचारलं, "सायेब, जुळत न्हाई म्हंजी काय? तुमी मोजल्या कवा?"

मला खरं सांगावं लागलं. "तुमच्या सासूबाईंनीच सांगितलं. पन्नास-साठ म्हणाल्या."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं आता सासूच्या नावानं बोटं मोडतील. पण त्या एवढंच म्हणाल्या, "त्या बरोबर बोलल्या. चूक माजी हाय, मी घरी ऱ्हायला पायजे व्हतं."

"बरोबर कसं? एक तर अर्ज खोटा, नाहीतर त्या खोट्या."

"सायेब, आमच्यात खांड, म्हंजी कळप, तोंडानं मोजत न्हाईत. मेंढरं आसू द्या न्हाईतर कोंबड्या. कुणी इच्यारलं तर कमी सांगायचं. पाचशे मेंढरं आसली तर 'हायत धा-वीस' म्हणायचं. आकडा तोंडातनं गेला की जित्राब बी जातं."

"मग तुम्ही अर्जात सहाशे कसं लिहिलं?"

"ती पिल्लांची पावती हाय. पिल्लं हॅचरीवाल्यानं मोजली, मी न्हाई."

माझ्या ध्यानात आलं की इथं झाकली मूठ सव्वा लाखाची नुसती म्हणायला नाही, त्यावर यांचं जगणं चाललंय. आणि मी मूठ उघडायला सांगून वर म्हटलं होतं, हिच्यात काही नाही.

"खाद्य किती दिवसांचं आहे?" मी विचारलं.

"सात पोती. म्हंजी सात दिस. आकारामशेठचा फोन आलाय, परवा गाडी पाठवतो म्हनला. मी न्हाई सांगितलंय." मग पत्राची घडी घालत म्हणाल्या, "सात दिसांत काय करायचं ते सांगा. मी करती."

नामंजूर झालेला अर्ज पुन्हा उघडायचा तर शाखाधिकाऱ्यांना कारण द्यावं लागतं. आमच्या राजेश्वरी मॅडम कडक, पण न्यायी. त्या म्हणाल्या, "तुम्ही न मोजता शेरा मारला, हे आधी लेखी द्या. आणि त्यांच्याकडे रोजची नोंद काय आहे ती आणायला सांगा. किती पिल्लं आली, किती मेली, किती शिल्लक. तुमच्या एकट्याच्या डोळ्यांवर माझा आता विश्वास नाही." मला लाज वाटली. ती वाटायलाच हवी होती.

मायाबाईंना मी नोंदवहीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "वही न्हाई, पर नोंद हाय. घरात इच्यारून आणती." कुणाला विचारून, ते तेव्हा मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी दहाच्या एसटीनं दोघी आल्या, सासू आणि सून. बनाबाई जन्मात बँकेची पायरी चढल्या नव्हत्या. चपला दाराबाहेर काढून त्या आत आल्या, थेट राजेश्वरी मॅडमच्या टेबलापाशी गेल्या आणि कमरेची एक कापडी पिशवी सोडून टेबलावर ठेवली. तिच्याशेजारी तंबाखूचा एक गंजका डबा ठेवला.

"बाई, मी खोटं बोलले न्हाई," त्या मॅडमना म्हणाल्या. "राखून बोलले. ह्या सायबाला कळलं न्हाई."

पिशवीत चिंचोके होते. पिल्लं आली त्या दिवशी हॅचरीवाल्यानं एकेक पिल्लू खाली सोडलं आणि सासूनं एकेक चिंचोका पिशवीत टाकला. नंतर जे पिल्लू मेलं त्याचा चिंचोका पिशवीतून निघून डब्यात गेला. मेंढरांचं हे असंच चालायचं त्यांच्यात, पिढ्यान् पिढ्या. अडीच महिन्यांत दोघींपैकी कुणाच्याही तोंडातून आकडा निघाला नव्हता आणि एक मरतूक नोंदवायची राहिली नव्हती. आमच्या संगणकालाही इतकं जमत नाही.

"मोजा," बनाबाई म्हणाल्या. "मी बघत न्हाई." आणि त्यांनी भिंतीकडं तोंड केलं.

भिंतीवर व्याजदरांचा फलक होता. म्हातारी त्याच्याकडं पाठ ताठ करून बघत उभी राहिली आणि मायाबाई तिच्या शेजारी, तशाच भिंतीकडं तोंड करून. पासबुक भरायला आलेली माणसं थांबून बघायला लागली. मी आणि शिपाई चिंचोके दहा-दहाच्या ढिगांनी मांडत गेलो. आवाज न करता, कसं कोण जाणे, दोघांनीही ओठ मिटूनच मोजलं. पिशवीत पाचशे सत्त्याऐंशी निघाले. डब्यात चोवीस.

मॅडमनी हॅचरीची पावती पुढं ओढली. सहाशे पिल्लं आणि वर सूट म्हणून बारा, एकूण सहाशे बारा. बेरीज केली तर चिंचोके भरत होते सहाशे अकरा.

"एक कमी आहे," मी हळूच म्हणालो.

"एखादा पडला असेल," मॅडम म्हणाल्या. "आजच जाऊन पक्षी मोजा. आणि गाडीवरून उतरा."

त्या संध्याकाळी मी शेडच्या दाराशी बूट काढले, लाल औषधाच्या पाण्यात पाय बुडवले आणि अनवाणी आत गेलो. मायाबाईंनी मधोमध जाळी लावून शेडचे दोन भाग केले होते. जाळीला एक कोंबडी जाईल एवढीच फट. त्या मागून पक्षी हळूहळू हाकत आल्या आणि पक्षी एकेक करून फटीतून पलीकडं जायला लागले. मी तोंड उघडलं तशी बाहेरून बनाबाई खाकरल्या. मग मी कागदावर पाच-पाचच्या रेघा ओढत बसलो. लाल, काळे, कवड्या रंगाचे, तेजदार डोळ्यांचे पक्षी. तुसाची कोरडी गादी, नाकाला झोंबेल असा वास कुठं नाही. एवढ्या उन्हाळ्यात चोवीसच पिल्लं मेली होती. इतकी कमी का, ते मला पाहताक्षणी कळलं, आणि हे पाहायला मी आधी उतरलो नव्हतो याचा स्वतःवर राग आला.

मोजून झालं. पाचशे अठ्ठ्याऐंशी. मी उलट्या बाजूनं परत एकदा मोजले. पुन्हा पाचशे अठ्ठ्याऐंशी.

बाहेर येऊन मी बनाबाईंसमोर बसलो. आकडा न बोलता म्हटलं, "आजी, तुमच्या पिशवीपेक्षा आत एक जास्त आहे."

म्हातारी हसली नाही की दचकली नाही. लुगड्याच्या पदराची गाठ सोडली आणि तळहातावर एक चिंचोका धरला.

"सगळं खांड बांधून देत न्हाईत सायेब," त्या म्हणाल्या. "बाहत्तरच्या दुष्काळात मी नवी नवरी व्हते. चारा न्हाई, पाणी न्हाई. सासऱ्यानं सगळी मेंढरं मोजून देऊन टाकली येपाऱ्याला. एक मेंढी घरात बांधलेली व्हती, गाभण, ती मोजाय काढली न्हाई. त्या एका मेंढीवरनं खांड परत उभं ऱ्हायलं. तवापास्नं मोजताना एक राखायचं. तुमच्या बँकंवर माजा राग न्हाई. पर त्यो कागद म्हंतोय, ह्या कोंबड्या बँकंच्या. मग एक तरी आमची पायजे का नगो?"

मायाबाई दारात उभ्या होत्या. त्यांच्या तोंडावर पहिल्यांदाच भीती दिसली. पाच पोती शिल्लक होती. एका चिंचोक्यापायी पिशवीतला आणि शेडमधला आकडा पुन्हा जुळला नाही, म्हणजे पुन्हा नामंजूर, म्हणजे आकारामशेठची गाडी. तरी त्या सासूला म्हणाल्या नाहीत की द्या तो चिंचोका. त्या मला म्हणाल्या, "सायेब, त्या एकीचं कर्ज नगो मला. तिचं खाद्य मी माज्या पैशानं घालीन. बाकीच्यांचं द्या."

तोवर नोकरीत मी कधी मुद्दाम चुकीचा आकडा लिहिला नव्हता. जास्त तर नाहीच, कमीही नाही. ज्या शेऱ्यापायी या बाईचे चार दिवस गेले तोसुद्धा मी आकडा जुळेना म्हणूनच मारला होता. मी पेन काढलं आणि पाहणी अहवालात लिहिलं, 'प्रत्यक्ष मोजलेले पक्षी: ५८७.' खाली सही केली. मॅडमनी सकाळी तो वाचला. "दोनदा मोजलेत ना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "दोनदा." त्यांनी मंजुरीची सही केली.

पैसे खात्यावर पडले तेव्हा शेडमध्ये दोन पोती उरली होती. मायाबाईंनी मिरजेहून थेट गिरणीवरून मका आणि सोयापेंड आणली, घरीच भरडली. त्यात पोत्यामागं पैसे वाचलेच. आकारामशेठची गाडी एकदा येऊन दारावर थांबली. मायाबाईंनी ड्रायव्हरला चहा पाजला आणि रिकामी परत पाठवली. मग आखाड लागला. गिऱ्हाइकं घरापर्यंत चालत आली, तालुक्याच्या दोन खानावळी आल्या, रविवारी तर अंगणात उभं राहायला जागा नव्हती. श्रावणाच्या आदल्या दिवशी शेड रिकामं झालं. भाद्रपदात त्यांनी कार्डाचे पैसे व्याजासकट भरले आणि त्याच खिडकीवर उभ्या राहून पुढच्या पिल्लांसाठी परत उचलले. खुर्ची दाखवली तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, उभी बरी हाय."

शेड रिकामं झालं म्हणालो, ते तितकंसं खरं नाही. एक काळी तलंग अंगणात फिरत होती. आता ती चांगली कोंबडी झालीय, खुडूक बसते, पिल्लं काढते, बनाबाईंच्या खाटेखाली झोपते. पुढच्या दोन्ही पाहण्यांना मी गेलो तेव्हा गाडीवरून उतरलो, पाय बुडवले, रेघा ओढल्या, आणि एक कमी लिहिला.

यंदा माझी बदली कराडलाच झाली, घराजवळ. माझ्या जागी आलेला अधिकारी तरुण आहे, हुशार आहे, आकड्याला पक्का. कारभार सोपवताना आम्ही एकेक खातं पाहत होतो. मायाबाईंची फाईल आली तसं त्यानं विचारलं, "इथं काही विशेष?"

"आहे," मी म्हटलं. "पाहणीला जाशील तेव्हा कागदापेक्षा एक पक्षी जास्त भरेल. तो शोधत बसू नकोस. तो बँकेचा नाही."